पोरांच्या हातचं काम

पाचाडहून रायगडाकडे निघालं की खिंडीच्या आधीपासूनच टपऱ्या सुरू होतात. लिंबू सरबत, ताक, मीठ-मसाला लावलेली काकडी, पाण्याच्या बाटल्या. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात इथली बरीच पोरं आईबापाच्या हाताखाली असतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत या मदतीतलं सर्वांत अवघड काम सुट्टे परत देण्याचं होतं. तीन सरबतं, दोन काकड्या, एक बाटली, समोर पाचशेची नोट, मागे गिऱ्हाइकांचा घोळका आणि घाई करणारा पुण्याचा कुणी काका. चौथीतल्या पोराला हे तोंडी करावं लागे, आणि चुकलं तर आईचा धपाटा तिथल्या तिथे. शाळेच्या वहीत हातच्याच्या वजाबाकीला अडखळणारा मुलगा टपरीवर अडखळत नसे.

आता टपरीच्या बांबूला क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगलेला असतो आणि शेजारी एक छोटा स्पीकर. गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरतं, स्पीकर रक्कम बोलून दाखवतो, पोरगं पुढचं लिंबू कापायला घेतं. बेरीज अजून करावी लागते. वजाबाकी गेली.

धंद्याला हे बरंच आहे. सुट्ट्यांची वणवण संपली, खोट्या नोटेची भीती गेली, गल्ला सांभाळायचं काम हलकं झालं. त्याबद्दल गळा काढायचं कारण नाही. पण मुलं आणि मोबाइल हा विषय निघाला की आपण लगेच तास मोजायला बसतो: दिवसाला किती वेळ, रात्री किती वेळ, डोळ्यांचं काय, मानेचं काय. हा शहरातला हिशोब आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरात विचारायचा प्रश्न मला वेगळा वाटतो. फोन आल्यावर पोरांच्या हातून कोणकोणती कामं गेली आणि त्या कामांच्या पोटात असलेलं शिक्षण कुठे गेलं?

पत्राचंच घ्या. या दोन तालुक्यांचा निम्मा संसार पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहे. आधी लालबाग-परळच्या गिरण्या आणि गाववाल्यांच्या खोल्या, आता नालासोपारा, दिवा, बदलापूर. गावात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली पोरं. पोस्टमन पत्र घेऊन आला की वाचणार कोण, तर घरातलं शाळेत जाणारं पोर. आजी ओटीवर बसून ऐकणार, एक ओळ पुन्हा वाचायला लावणार, मधेच डोळे पुसणार. आणि मग उत्तर सांगणार, 'लिव, म्हैस व्याली. लिव, पावसाने कौलं फुटली. पैशाचं लिव, पण मागतोय असं नको दिसाय.' तिसरी-चौथीतल्या पोराला हे शेवटचं वाक्य कागदावर उतरवायचं होतं! पैसे मागायचे, पण मागतोय असं दिसू द्यायचं नाही. भाषेच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात इतका कठीण स्वाध्याय असेल? मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी संदेशाला चिमूटभर जागा असे, तिथे काय लिहायचं याचीही एक कला होती. वाचता येणारं पोर घरात एक अधिकारी होतं. शाळेत का जायचं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नसे.

२०१६च्या २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. त्यानंतर महिन्याभराने, ५ सप्टेंबरला, देशात जिओ सुरू झालं. डोंगरातल्या वाड्यांपर्यंत ते लोण पोचायला वेळ लागला, पण पोचलं तेव्हा मुंबईतला बाप रोज रात्री पडद्यावर दिसू लागला. आजीला वाचून दाखवायची गरज उरली नाही, लिहून घ्यायचीही नाही. हिरवं बटण दाबलं की झालं. कुटुंबाच्या दृष्टीने यासारखं सुख नाही, आणि मुलांच्या हातातून फोन काढून घ्या असं सांगणाऱ्या शहरी डॉक्टरांना हे लक्षात येत नाही की इथे त्या फोनमध्ये मुलाचा बाप असतो. मात्र घरातलं वाचणारं-लिहिणारं माणूस या नात्याने पोराला जो मान होता तो गेला. त्याची जागा दुसऱ्या मानाने घेतली: आजीला फोन लावून देणारा, रिचार्ज मारणारा, व्हिडिओ शोधून देणारा. या कामांना अक्षर लागत नाही. मराठीत बोलून शोधायची सोय गूगलने २०१७च्या ऑगस्टमध्ये दिली. माइकच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि 'मांजराचा कार्टून' म्हणायचं. ज्या मुलाला अजून जोडाक्षर लागत नाही त्याला सारं जग उघडतं, आणि म्हणूनच जोडाक्षर शिकायची त्याला निकड उरत नाही.

*

या तालुक्यांत मोबाइलवरची शाळा कशी आली, तो इतिहास फार जुना नाही, पण आपण तो विसरत चाललो आहोत.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत रोजची अभ्यासमाला पाठवायला सुरुवात केली. जूनचं वर्ष सुरू व्हायच्या बरोबर तोंडावर, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आतल्या तालुक्यांवरूनही गेलं. खांब आडवे, तारा तुटलेल्या, पत्रे उडालेले. जिल्ह्यातल्या अनेक गावांत वीज परत यायला बरेच दिवस गेले. म्हणजे महाराष्ट्रभर मुलं 'ऑनलाइन' होत होती तेव्हा इथल्या घरांत फोन चार्ज करायचा कुठे हाच प्रश्न होता. जुलैच्या मध्यावर केंद्राने 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली: आठवीपर्यंत ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास, नववीपासून पुढे चार. मुलांच्या डोळ्यांची काळजी म्हणून ते योग्यच होतं. इथे मात्र मर्यादा बॅटरीने आधीच घातलेली होती. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, ते मोबाइलच्या वर्गापेक्षा अधिक घरांत पोचण्याजोगं होतं; पण वीज असेल तर.

आणि रेंज. रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० फूट. पाचाड, रायगडवाडी, हिरकणीवाडी, छत्री निजामपूर ही गावं त्याच्या पायाशी. पलीकडे सांदोशी, बावळे काळ नदीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या भिंतीला टेकलेली. इथे टॉवरचं गणित सरळ आहे: डोंगर मध्ये आला की काड्या गायब. पोलादपूरच्या आंबेनळी घाटाखालच्या वाड्यांचीही तीच कथा. त्यामुळे जागा ठरलेल्या असतात: अमुक वळण, तमुक दगड, देवळाच्या मागची टेकडी. त्याच पावसाळ्यात सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करत असल्याची बातमी देशभर गाजली आणि आपण तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. जिद्द होतीच. पण तशा टेकड्या कोकणात गावोगाव होत्या आणि तिथे झोपड्या नव्हत्या, छत्र्या होत्या.

वर्ग म्हणजे काय, तर व्हॉट्सॲपचा गट. सकाळी 'शुभ सकाळ'ची फुलं, मग गुरुजींची पीडीएफ, दुपारी सामसूम. घरातला एकमेव स्मार्टफोन बापाबरोबर बिरवाडीजवळच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला किंवा टेम्पोवर गेलेला. रात्री आठला तो घरी आला की गटात एकामागून एक वहीचे फोटो पडू लागत: तिरके, अंधारलेले, अंगठ्याच्या सावलीसकट. सोबत 'सर, बघा झालं काय'. गुरुजी त्यावर दोन अंगठे पाठवणार. हा होता तपासलेला गृहपाठ. ज्यांचा फोटो येत नव्हता त्यांच्याकडे फोन नव्हता की वही नव्हती, हे गटावर दिसत नसे. देशाच्या ग्रामीण भागाचा 'असर' अहवाल सांगतो की घरी स्मार्टफोन असलेल्या शाळकरी मुलांचं प्रमाण २०१८मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२१मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेलं. पण त्याच अहवालात, घरी फोन असलेल्यांपैकीही चौथ्या हिश्शाहून जास्त मुलांच्या हाती तो येत नव्हता.

२०२१च्या १६ जुलैला दहावीचा परीक्षेविना निकाल लागला: ९९.९५ टक्के. नववीच्या गुणांवर आणि अंतर्गत मूल्यमापनावर सगळं बेतलेलं. निकालाचं संकेतस्थळ तासन्‌तास बंद पडलं आणि शंभर नंबरी पास झालेली पोरं दगडावर चढून रेंज शोधत राहिली. सहाच दिवसांनी, २२ जुलैला, महाड बुडालं. त्याच संध्याकाळी तळियेवर दरड कोसळली आणि ८०हून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरडी आल्या. वीज नव्हती, टॉवर बंद होते, तळियेची बातमीसुद्धा बाहेर उशिरा पोचली. ज्या यंत्रणेवर दीड वर्ष शाळा चालली होती, तिच्यावरून मदतीची हाक जाईना.

४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले. मुली एसटीच्या मोफत पासावर महाडला, नाते गावाला, पोलादपूरला जाऊ लागल्या, तोच महिनाअखेरीस एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिलपर्यंत रेंगाळला. पहिली ते चौथी १ डिसेंबरला उघडली. जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल कागदोपत्री अर्धी दुसरी संपल्यावर प्रथमच वर्गात बसलं. नेमकं अक्षर लागण्याचं वय ते.

या सगळ्यात शिकवणं पूर्ण थांबलं असं नाही. सोलापूरच्या निलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. कोकणातही कितीतरी गुरुजी-बाईंनी देवळात, अंगणात, गोठ्याच्या पडवीत चार-चार पोरं गोळा करून शिकवलं. त्याची नोंद कुठल्याही पोर्टलवर नाही.

*

पोर्टलचा विषय निघालाच आहे, तर तो लवकर संपवतो. शिक्षकांपुढे तो काढला की संपत नाही. मुलांच्या सवयींची चर्चा करताना आपण गुरुजींच्या हातातला फोन विसरतो. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली ते पाचवीची पोरं एका-दोन खोल्यांत बसलेली असतात. पोषण आहाराची रोजची संख्या ॲपवर, यूडायस प्लसची माहिती, सरल, शालार्थ, आधार जुळलं की नाही, जुळलं नाही तर ते मूल शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत धरलं जाणार की नाही. यातलं बरंचसं शाळेच्या वेळेत, रेंजच्या दगडावर. राज्यात २०पेक्षा कमी पटाच्या शाळा सुमारे १५,००० आहेत, आणि १५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने अशा शाळांतल्या पदांवरच गदा आली. डोंगरातल्या वाडीला टॅब मिळू शकतो, कारण टॅब खरेदी करता येतो. दुसरा शिक्षक नेमावा लागतो.

ज्या शाळांची नावं 'डिजिटल' म्हणून गाजली त्यांच्याकडे नीट पाहिलं तर तिथे यंत्राआधी माणूस दिसतो. शहापूरच्या पाष्टेपाड्यात दिसतो. माढ्याच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले, आणि ३ डिसेंबर २०२०ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. तेच कोड आज पाचाडच्या पोराच्या पुस्तकातही आहेत. घरी कुणी ते उघडून दाखवणारं नसेल, तर तो पानाच्या कोपऱ्यातला एक काळा चौकोन. पोरं त्यात पेनाने नाक-डोळे काढतात.

*

आता फोन सगळ्यांकडे आले आहेत, नेटपॅक परवडतो, बऱ्याच वाड्यांवर दोन तरी काड्या येतात. 'असर'च्या २०२४च्या अहवालानुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्क्यांनी त्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. मला यातला ५७चा आकडाच जास्त खटकतो, कारण 'शिक्षणासाठी' म्हणजे काय हे त्या शब्दातून कळत नाही. गाइडमधून उत्तर उतरवणं जसं पूर्वी अभ्यासात धरलं जाई, तसं आता फोनवरून उतरवणं धरलं जातं. व्हॉट्सॲपच्याच पडद्यावर निळं वर्तुळ आलंय. त्याला विषय सांगितला की निबंध येतो.

शाळेने 'मी पाहिलेला किल्ला' असा विषय दिला, आणि पाचाडच्या मुलीने फोनला विचारून रायगड लिहिला, असं समजा. निबंधात उंची येईल, राज्याभिषेकाची ६ जून १६७४ येईल, युनेस्कोच्या यादीत ११ जुलै २०२५ला मराठा लष्करी स्थापत्य गेलं तेही येईल. सगळं बरोबर. पण ६ जूनला गडावर लोटणाऱ्या गर्दीत तिच्या घरी किती भाकऱ्या थापल्या जातात, त्या दिवशी पाण्याचे हंडे कुठून येतात, पावसात कोणत्या पायरीवर शेवाळ आधी धरतं, जिजाऊंच्या वाड्यातल्या तक्क्याच्या विहिरीचं पाणी मेमध्ये कुठवर उतरतं, हे त्या यंत्राला ठाऊक नाही. तिला आहे. तिला ते लिहिण्याजोगं वाटत नाही, ही खरी हानी. गडावर येणारे लोक रील काढताना ती रोज पाहते. त्या रीलमध्ये तिचं गाव असतं, तिला दिसणारं गाव मात्र नसतं.

मुलींबाबत आणखी एक गाठ आहे. 'असर'च्या २०२३च्या पाहणीत, १४ ते १८ वयाच्या स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. कारण सर्वांना माहीत आहे: पोरीच्या हातात फोन कशाला. महाडच्या उत्तरेला लोणेऱ्यात बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९पासून उभं आहे. तिथवर जाण्याची इच्छा असलेल्या मुलीला प्रवेशाचा अर्जही भावाच्या फोनवरून, भाऊ सांगेल त्या वेळी भरावा लागतो. तिला फोन कमी द्या हा सल्ला देणाऱ्याने आधी तिला तो किती मिळतो ते विचारावं.

उपाय गावोगाव चालू आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने ऑगस्ट २०२२पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची प्रथा पाडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळच्या बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. मला वडगावचा भोंगा पटतो, कारण तो थोरांसाठीही वाजतो. बान्सीचा ठराव पटत नाही. पोरांना दंड आणि बापाच्या मांडीवर रील, हे फार दिवस टिकत नाही. पण वडगावची वेळ जशीच्या तशी पाचाडला आणता येणार नाही. सातनंतर तर मुंबईहून फोन येतो.

इथे काम द्यायला हवं. खरं काम, ज्याच्यावाचून कुणाचं तरी अडेल असं. एक सुचवतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडात येते. २२ जुलै २०२१पासूनच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो आकडा महाडच्या बाजारपेठेला वेळेवर कळणं आणि न कळणं यात किती फरक पडतो, हे त्या बाजारपेठेला विचारा. प्रत्येक वाडीवरच्या शाळेने एक साधं पर्जन्यमापक लावावं, पाचवी ते आठवीच्या पोरांनी सकाळी साडेआठला मोजावं, वहीत लिहावं, आलेख काढावा आणि आकडा फोनवरून खालच्या शाळेला कळवावा. सांदोशीचा आकडा पाचाडला, पाचाडचा महाडला. त्यात दशांश येतो, बेरीज-वजाबाकी येते, भूगोल येतो आणि पत्रही येतं. खर्च एका टॅबच्या किमतीत कितीतरी शाळांचा निघेल. शाळा नाही म्हणाली, तर ग्रामपंचायतीने करावं.

आणि हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांतले बरेच जण या दिवाळीत गावी जाणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी. घरच्या पोराला फटाक्यांबरोबर चार पोस्टकार्डं द्या आणि मुंबईला परतल्यावर त्याला पहिलं पत्र तुम्ही लिहा. आजीला वाचून दाखवायला सांगा, उत्तर तिच्या शब्दांत मागवा, आणि ते येईपर्यंत फोनवर त्याबद्दल विचारू नका. लाइटबिल त्याच्याकडून वाचून घ्या, सातबारावरची नावं वाचून घ्या, बाजारात एक दिवस नोटा देऊन पाठवा आणि सुट्टे मोजून घ्या. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं.